शाळा ९०० मीटरवर, तरी मुलीला चालत पाठवता येत नाही. यासाठी सरकारी पैसा कुठून आणि कसा मागायचा?

राहीची_आई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, विभाग चुकला असेल तर हलवा.

आम्ही पुण्यात दक्षिणेकडच्या एका उपनगरात राहतो. शाळेचं आणि भागाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मुलगी यंदा पाचवीत गेली. शाळा घरापासून मोजून ९०० मीटर. तिला चालत जायचंय, मैत्रिणी बरोबर आहेत, आणि सायकलसुद्धा आहे, बाबांनी वाढदिवसाला आणलेली, ती पार्किंगमधे पोतं टाकून उभी आहे. आणि मी काय करते तर रोज सकाळी पावणेसातला ॲक्टिव्हा काढते आणि तिला सोडून येते. ९०० मीटरसाठी! शाळेच्या दारात माझ्यासारखेच कितीतरी आईबाबा गाड्या चालू ठेवून उभे असतात, त्यात व्हॅन, त्यात रिक्षाकाका, आणि जी थोडी मुलं खरंच चालत येतात ती या सगळ्यातून दप्तर सांभाळत वाट काढतात. त्या गर्दीत माझीही गाडी असते याचं मला रोज वाईट वाटतं.

अडचण पूर्ण रस्त्याची नाहीये, दोनच जागांची आहे. पहिली म्हणजे फुटपाथ चांगला चालू असतो आणि मधेच विजेचा डीपी येतो, त्याच्या शेजारून माणूस आडवा होऊनच जाऊ शकतो, दप्तर असेल तर तेही नाही. मग खाली रस्त्यावर उतरायचं, आणि उतरायचं म्हणजे ती पायरी राहीच्या गुडघ्याएवढी आहे, मग वीसपंचवीस पावलं बसला पाठ करून चालायचं. दुसरी जागा म्हणजे चौक. सिग्नल नाही, झेब्रा पट्टे होते कधीतरी, आता उन्हात नीट बघितलं तर दिसतात.

जुलैमधे एक दिवस गाडी बंद होती म्हणून दोघी चालत निघालो. पाऊस होता. डीपीपाशी खाली उतरलो आणि मागून टेम्पो आला, त्याने डावीकडे घेतली, मी तिला दंडाला धरून ओढलं. काही झालं नाही, फक्त तिच्या स्कर्टवर आणि मोज्यावर चिखल उडाला. शाळेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. रात्री झोपताना विचारते, "आई, त्या काकांना मी दिसत नव्हते का?"

दुसऱ्या दिवशी मी आमच्या इथल्या महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथे चांगलं बोलले, पण उत्तर एकच, "मॅडम, याला बजेट नाही." आणि दिवाळीआधी त्याच रस्त्याच्या समोरच्या बाजूचे चांगले असलेले पेव्हर ब्लॉक काढून नवीन बसवले. म्हणजे पैसा आहे ना! मग तो या दोन जागांवर आणायचा कसा, कुठलं बजेट असतं, कोणाला अर्ज करायचा, कोणी केलंय का आधी असं काही? नातेवाईक म्हणतात बस लाव आणि मोकळी हो. पण बस लावून माझ्या मुलीचा प्रश्न सुटेल, बाकीच्यांचा तसाच राहील.

---

मोजपट्टी

ताई, केलंय. आमच्याकडे दोन वर्षं लागली पण झालं.

महापालिकेत अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग म्हणून योजना आहे, २००६ पासून चालू आहे, देशात पुणे त्यात पहिल्या काही शहरांमधलं. पावसाळ्याच्या शेवटाकडे, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमधे अर्ज मागवतात, क्षेत्रीय कार्यालयात कागदावर देता येतो, ऑनलाईनही भरता येतो. एका कामाला ५ लाखांची मर्यादा असते. ते पुढच्या एप्रिलपासूनच्या बजेटमधे येतं. पेपरात छोटी बातमी येते आणि लोकांना कळेपर्यंत मुदत संपते, म्हणून जुलैपासूनच चौकशी सुरू करायची.

आता माझी चूक सांगतो म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. पहिल्या वर्षी मी लिहिलं, "शाळेच्या परिसरातील रस्ता विद्यार्थ्यांसाठी सुरक्षित करावा." परत आला. का, तर याचं एस्टिमेट कोण आणि कसं करणार? सुरक्षित म्हणजे किती मीटर? दुसऱ्या वर्षी मी आणि शेजारचे एक काका रविवारी सकाळी टेप आणि खडू घेऊन गेलो. अर्जात लिहिलं की अमुक दुकानासमोरचा फुटपाथ रस्त्यापासून इतका उंच आहे, दोन्ही टोकांना उतार द्या, अमुक चौकात इतक्या मीटर लांबीचे झेब्रा पट्टे थर्मोप्लास्टमधे (गरम करून मारतात तो टिकाऊ रंग) मारा, आणि फुटपाथवर दुचाकी चढू नयेत म्हणून चार बोलार्ड, म्हणजे बुटके खांब, पण दोन बोलार्डमधे व्हीलचेअर जाईल एवढी जागा सोडा. सोबत फोटो. त्यावर जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, स्वतः जागेवर आले आणि तिथेच उभं राहून हिशोब केला, सगळं ५ लाखांत बसलं.

मागताना वस्तू मागा. पट्टा, उतार, खांब, पाटी. नुसती "सुरक्षा" मागितली की कागद फिरत राहतो.

---

निवृत्त_जेई

मी नोकरीत असताना वेगवेगळ्या ठिकाणी रस्त्याचीच कामं केली, आता निवृत्त आहे. मोजपट्टी यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर, त्यात थोडी भर घालतो. जरा लांब होईल, पण ताईंना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

"बजेट नाही" हे वाक्य पुष्कळदा खोटं नसतं, अर्धवट असतं. पैसा शीर्षकाखाली असतो. इंग्रजीत ज्याला हेड म्हणतात ते. डांबरीकरणाचं हेड वेगळं, फुटपाथ दुरुस्तीचं वेगळं, पट्टे आणि पाट्यांचं वेगळं, प्रकल्प वेगळे. तुमच्या डीपीच्या जागेसाठी ज्याच्याकडे तुम्ही गेलात त्याच्या टेबलावरच्या हेडमधे त्या दिवशी पैसे नसतील, आणि समोरच्या बाजूचे ब्लॉक दुसऱ्याच हेडमधून किंवा कोणा नगरसेवकाच्या "स" यादीतून, म्हणजे त्याने सुचवलेल्या कामांच्या यादीतून, झाले असतील. म्हणून पहिला प्रश्न "पैसे आहेत का" असा विचारू नका. "हे काम कुठल्या हेडमधे बसतं आणि त्यात या वर्षी किती तरतूद आहे" असं विचारा, आणि लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा साधा अर्ज, दहा रुपयांचा.

दुसरं म्हणजे वर्गीकरण. हा शब्द सामान्य माणसाला माहीत नसतो आणि खरी गोष्ट तिथेच होते. मार्चमधे बजेटात सायकल मार्गाला किंवा पादचाऱ्यांना तरतूद दिसते, आपण पेपरात वाचतो, बरं वाटतं. पुढे वर्षभरात ती तरतूद खर्ची पडत नाही, कारण कोणी पाठपुरावा करत नाही, आणि मग ते पैसे "वर्गीकरणाने" दुसऱ्या कामाला जातात. ठराव होतो, सगळं नियमात असतं. त्यामुळे तरतूद झाली म्हणजे काम झालं असं कधी समजू नका. एप्रिलमधे एस्टिमेट, मेपर्यंत निविदा, पावसाळा संपला की काम सुरू, असं कॅलेंडर स्वतःच्या डोक्यात ठेवा आणि दर महिन्याला जाऊन "फाईल कुठे आहे" एवढंच विचारा. ज्या फाईलबद्दल कोणी विचारत नाही तिचे पैसे आधी जातात.

आता डीपी. कृपा करून डीपी हलवायच्या नादी लागू नका. त्याला वीज कंपनीची परवानगी, केबल, शटडाऊन, आणि खर्च मागणाऱ्याच्या माथी, वर्ष सहज जातं. त्यापेक्षा फुटपाथच डीपीच्या बाहेरून वळवा. तिथे रस्त्याची रुंदी पुरेशी असेल, म्हणजे गाड्या पार्क होत असतील तेवढी जरी असली तरी तेवढ्या लांबीत फुटपाथ रस्त्याकडे पुढे आणता येतो. कर्बस्टोन, म्हणजे फुटपाथच्या कडेचे दगड, पुढे सरकवायचे, पावसाळी गटाराचं चेंबर असेल तर जाळी नव्या कडेला घ्यायची, बस्स. याने गाड्यांचा वेगही तिथे आपोआप थोडा कमी होतो.

मापं लक्षात ठेवा, इंडियन रोड्स काँग्रेसचं आयआरसी १०३ म्हणून मार्गदर्शक आहे पादचारी सुविधांचं. फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, वीतभरसुद्धा नाही. मोकळी चालायची रुंदी किमान १.८ मीटर, म्हणजे समोरासमोर दोन व्हीलचेअर जातील इतकी. तुमच्या मुलीच्या गुडघ्याएवढी पायरी या नियमात बसतच नाही. हे आकडे अर्जात लिहिले की वाचणाऱ्याला कळतं की समोरच्याने अभ्यास केलाय.

आणि चौकात "स्पीडब्रेकर टाका" असं सरसकट मागू नका, तो सुद्धा मापातच हवा. आयआरसी ९९ प्रमाणे गोल हंप साधारण ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावरून गाडी ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने आरामात जाते. आपल्याकडे गल्लोगल्ली जे अरुंद उंचवटे टाकलेत त्याने म्हाताऱ्या माणसांच्या पाठी गेल्या आणि गाड्यांचा वेग दोन ब्रेकरच्या मधे उलट वाढला. शाळेपाशी टेबलटॉप मागा. म्हणजे झेब्राच फुटपाथच्या उंचीला उचलून घ्यायचा, मूल खाली उतरतच नाही, गाडीच वर चढते. त्याला वाहतूक शाखेचं ना-हरकत लागेल, तिथेही एक प्रत द्या.

---

सध्या_फ्रीमाँट

धागा वाचून राहवलं नाही. शिक्षण पुण्यात झालं, गेली बारा वर्षं कॅलिफोर्नियात आहे, मुलगा इथे सातवीत आहे. इथे "सेफ रूट्स टू स्कूल" म्हणून सरकारी कार्यक्रम आहे, शाळेच्या पीटीएमधे, म्हणजे पालक-शिक्षक संघात, असल्याने त्यात थोडं काम केलंय.

मूळ कल्पना डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरातली, १९७०च्या दशकातली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९९९ मधे कायदा केला आणि २००५ मधे केंद्र सरकारने देशभरासाठी कार्यक्रम आणला, पाच वर्षांना ६१.२ कोटी डॉलर. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी. मला त्यातली आवडलेली गोष्ट म्हणजे सगळे पैसे सिमेंटला नव्हते, १० ते ३० टक्के रक्कम बांधकामाव्यतिरिक्तच्या गोष्टींवरच खर्च करायची असा नियम होता, म्हणजे मुलांना रस्ता ओलांडायला शिकवणं, पालकांना समजावणं, शाळेजवळ पोलिसांची गस्त, असं.

पण निवृत्त जेई काकांचं वर्गीकरण वाचलं आणि चमकलेच, कारण इथेही तेच झालं. २०१२ मधे नवीन कायदा आला आणि शाळेच्या रस्त्यांची ही वेगळी थैली बंद करून पादचारी, सायकल, अशा बाकीच्या कामांच्या एका मोठ्या थैलीत टाकली, वर राज्यांना मुभा दिली की यातली निम्म्यापर्यंत रक्कम दुसऱ्या रस्त्यांच्या कामाला वळवता येईल. मग शाळांना इतर सगळ्यांशी स्पर्धा करून पैसे मिळवावे लागले. २०२१च्या कायद्याने त्या मोठ्या थैलीत पैसे बरेच वाढवले आणि बारावीपर्यंतच्या शाळा घेतल्या, पण वेगळी थैली होती तेव्हाची गोष्ट वेगळी होती असं इथले जुने लोक सांगतात. म्हणून पुण्यात मागणी करताना "शाळेचे मार्ग" असं वेगळं नाव असलेलं हेड मागा असं मला मनापासून वाटतं. नाव असेल तर निदान विचारता येतं की त्याचं काय झालं.

अजून एक, आणि हे फुकट आहे. इथे काम मागायच्या आधी शाळेत हात वर करून मोजणी होते. आठवड्याच्या मधल्या दिवसांत बाई वर्गात विचारतात, आज चालत कोण आलं, सायकलवर कोण, बसने कोण, घरच्या गाडीने कोण, आणि परत जाताना कसं जाणार. पाच मिनिटांचं काम. तो कागद अर्जाला जोडतात आणि काम झाल्यावर परत मोजतात. त्याशिवाय पैशाचा उपयोग झाला की नाही हे कोण सांगणार?

---

चौकातलं_दुकान

मी दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. माझं किराणा दुकान आहे, असाच शाळेजवळचा रस्ता, वेगळा भाग. फुटपाथ पुढे आणला, बोलार्ड लावले, टेबलटॉप केला, सगळं छान, पण माझ्याकडे रोज तीन टेम्पो येतात माल घेऊन, ते कुठे उभे राहणार? गिऱ्हाईक गाडीवर येतं, दोन मिनिटं गाडी लावायला जागा नाही मिळाली तर पुढच्या दुकानात जातं. आमच्या इथे एकदा सायकल ट्रॅक केला होता, त्यावर एकही सायकल मी बघितली नाही, कडेला नुसता लाल रंग, आणि धंदा मात्र बसला. पैसे लोकांचेच आहेत ना, मग आमचं पण ऐकावं असं वाटतं. मुलं मलाही आहेत.

---

मोजपट्टी

दादा, तुमचं बरोबर आहे, आमच्याकडे सुद्धा कामाला विरोध दुकानदारांनीच केला होता आणि आधी मला त्यांचा रागच आला होता. मग एकदा बसून वेळा लिहून काढल्या. शाळा भरते सात-सव्वासातला, सुटते साडेबाराला, दुपारची बारा पन्नासला भरते आणि संध्याकाळी सुटते. म्हणजे दिवसातून मोजून दीड-दोन तास. टेम्पोवाल्यांना सांगितलं की माल सकाळी आठ ते अकरामधे उतरवा, त्यांनाही ते सोयीचंच पडलं कारण त्या वेळी चौक मोकळा असतो. दुकानापासून थोडं पुढे, झेब्राच्या पलीकडे, माल उतरवायची जागा आखून घेतली. वाहतूक शाखा ठराविक वेळेचं नो-पार्किंग काढू शकते, दिवसभराचं काढायची गरज नाही. आणि खरं सांगतो, चालत येणारी आई दुकानात थांबते, गाडीवरची थांबत नाही. आमचे स्टेशनरीवाले आता हेच सांगतात.

सायकल ट्रॅकचं मात्र तुम्ही म्हणता ते दुखणं खरंय.

---

जुना_सायकलवाला

ट्रॅकचा विषय निघाला म्हणून. मी ६८ वर्षांचा आहे, शाळेत सायकलने गेलो, कॉलेजला सायकलने गेलो, नोकरीवर सुद्धा. शाळा सुटली की लक्ष्मी रोडवर नुसत्या घंट्या ऐकू यायच्या. पुणं सायकलींचं शहर होतं हे आता नुसतं म्हणायला उरलंय.

पैसा आला नाही असं मी म्हणणार नाही. २००६ मधे बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका, आली, केंद्राच्या नेहरू योजनेतून, जेएनएनयूआरएम म्हणायचे तिला, त्यात बसमार्गाच्या बाजूने फुटपाथ आणि सायकल मार्गही केले. २०१६ मधे पादचारी धोरण झालं. डिसेंबर २०१७ मधे मुख्य सभेने सायकल आराखडा मंजूर केला, ८००हून जास्त किलोमीटरचे मार्ग आहेत त्यात. त्याच सुमाराला भाड्याच्या सायकली आल्या, विद्यापीठापासून सुरुवात झाली, दोनेक वर्षांत त्या दिसेनाशा झाल्या. कागद चांगले आहेत हो, मी वाचलेत. पण ट्रॅक तुकड्यातुकड्यात झाला. शंभर मीटर चांगला, मग बसथांबा, मग झाड, मग एकदम कडा, मग पुन्हा शंभर मीटर. चेंबरची झाकणं वर आलेली. कुठलं मूल चालवेल त्यावर, आणि मग दुकानदार म्हणणारच की सायकल दिसत नाही.

जंगली महाराज रस्त्यावर बघा, फुटपाथ रुंद केला, बसायला केलं, सलग केला, तर रविवारी काय, रोज संध्याकाळी माणसं दिसतात, आजोबा नातवाला घेऊन बसलेले असतात. औंधला डीपी रोडला (हे रस्त्याचं नाव, विजेचा डीपी नव्हे) पण बरं काम झालं, स्मार्ट सिटीतून. ११ डिसेंबरला पादचारी दिन म्हणून २०२१ पासून लक्ष्मी रोडचा तुकडा दिवसभर गाड्यांना बंद करतात, मी दर वर्षी जातो. सगळं सलग असलं की माणसं चालतात. म्हणून ताई, तुमच्या ९०० मीटरमधे दोनच जागा वाईट आहेत हे ऐकून मला आनंदच झाला, कारण बाकीचं सलग आहे. सायकलचा हट्ट आत्ताच धरू नका, आधी चालायची वाट पूर्ण करून घ्या. सायकल त्याच्या मागून येईल. आणि तोपर्यंत रविवारी सकाळी पोरीची सायकल बाहेर काढा, हवा भरा, पोत्याखाली टायर तडकतात.

---

शिक्षिका_पेठेतली

मी शिकवते, खाजगी अनुदानित शाळा. दोन गोष्टी.

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत असावी असं आहे. म्हणजे मूल चालत येईल हे कायद्याने गृहीतच धरलंय. शाळा जवळ दिली आणि वाट दिली नाही तर ते अर्धंच झालं. हे अर्जात जरूर लिहा. आणि १४ मे २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे, त्यात चालण्यायोग्य फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं स्पष्ट म्हटलंय, अपंगांना वापरता येईल असा फुटपाथ. त्याचा एका ओळीत उल्लेख करा.

दुसरं, पैसे येईपर्यंत मुलं काय थांबणार आहेत? आमच्या शाळेत चार पालकांनी मिळून चालती रांग सुरू केली. ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या वेळेला एक आई उभी, पुढच्या कोपऱ्यावर अजून मुलं मिळतात, अशी रांग करून शाळेपर्यंत. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. पाळ्या लावल्यात, त्यामुळे एका पालकाला आठवड्यातून एकच दिवस यावं लागतं. चौकात चौदापंधरा मुलं एकदम ओलांडायला लागली की गाड्या थांबतात, एकट्या मुलासाठी थांबत नाहीत हे मी रोज बघते. आणि चौकाकडे बघणाऱ्या ट्रॅफिकच्या दादांना पण ती वेळ पाठ झाली, ते त्या दहा मिनिटांना मुद्दाम या बाजूला येऊन उभे राहतात.

मुलं वाटेत पाढे म्हणतात, भांडतात, पारिजातकाची फुलं वेचतात. वर्गात येतात तेव्हा जागी असतात. व्हॅनमधून येणारी पहिल्या तासाला पेंगतात. हा माझा अनुभव आहे.

---

निवृत्त_जेई

एक राहिलं. नागरिकांच्या बजेटची मुदत गेली असेल तरी वर्ष वाया घालवू नका. तुमच्या आमदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी असतात, खासदारांनाही ५ कोटी. त्यातून सहसा सभागृहं, व्यायामशाळा, कमानी मागितल्या जातात कारण लोक तेच मागतात. शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर, पन्नासेक पालकांच्या सह्यांनिशी, मापं लिहिलेला नकाशा घेऊन गेलं तर वेगळा परिणाम होतो. नगरसेवकांनाही तोच नकाशा द्या. सगळ्यांना एकच कागद, तारीख एकच, आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकाचा शिक्का घ्यायचा. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे दिलेलाच नाही.

---

राहीची_आई

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, उशिराबद्दल माफ करा. सगळे प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावलेत.

टेप घेऊन गेलो. मी, राही आणि तिच्या मैत्रिणीचे बाबा. राहीने वहीत लिहून घेतलं. फुटपाथची उंची डीपीपाशी ३८ सेंटिमीटर भरली, म्हणजे काकांनी सांगितलेल्या १५ सेंटिमीटरच्या दुपटीहून जास्त. डीपी आणि भिंतीच्या मधे मोकळी जागा ४६ सेंटिमीटर. राही दप्तर घेऊन त्यातून जाऊन बघत होती, अडकली. तिचा फोटो काढलाय, तोच अर्जाला लावलाय. रस्ता तिथे रुंद आहे, कडेला गाड्या लागतात, त्यामुळे फुटपाथ बाहेरून वळवणं शक्य दिसतंय.

मुख्याध्यापिकांना भेटले. मला वाटलं होतं टाळतील, पण त्यांनी पूर्ण ऐकलं आणि पाचवी-सहावीत हात वर करून मोजणी करायला लगेच हो म्हणाल्या. मंगळवारी केली. राहीच्या वर्गात निम्म्याहून जास्त हात गाडी आणि व्हॅनला वर गेले, आणि त्यातले बरेचजण आमच्याच आसपास राहणारे निघाले. मग बाईंनी मनाने एक जादा प्रश्न विचारला, चालत यायला कोणाला आवडेल? राही सांगते की मागच्या बाकावरची मुलं तर उभीच राहिली.

चौकातलं दुकान यांचा मुद्दा डोक्यात होता म्हणून डीपीसमोरच्या दोन्ही दुकानांत आधीच जाऊन आले. एक काका अजून तयार नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा जाईन. दुसरे म्हणाले माल दहाला उतरवतो, सकाळी सातला माझं शटरच बंद असतं, तुम्ही काय करायचं ते करा.

मुदत यंदाची गेली होती. तरी पुढच्या वर्षाचा अर्ज लिहून ठेवलाय, आणि तोच नकाशा चार ठिकाणी दिला, चारही प्रतींवर शिक्का घेतला. त्यातल्या एका ठिकाणाहून काल फोन आला की शनिवारी सकाळी जागेवर पाहणीला येतो. मी त्यांना विनंती केली की अकराला नका येऊ, पावणेसातला या, शाळा भरताना बघा. थोडं थांबून ते बरं म्हणाले.

चालती रांग सोमवारपासून, सध्या सहा मुलं आणि चार पालक. डीपीपाशी अजून खाली उतरावंच लागतं, तिथे मी रस्त्याच्या बाजूला उभी राहणार आहे हात आडवा धरून. निवृत्त जेई काका, तुम्ही पुण्यातच असाल आणि जमणार असेल तर शनिवारी पाहणीच्या वेळी याल का? तुम्हाला पत्ता निरोपात पाठवते. कर्ब कुठून कुठपर्यंत वळवायचा हे खडूने आधी आखून ठेवायचंय, आणि ते मला एकटीला नीट जमणार नाही.